१८४६ च्या सुमाराचा स्कॉटिश पूर्वज: इगतपुरीला थडगं आहे, फोर्फरशायरमध्ये जन्म सापडत नाही

घाटमाथा (प्रश्न)

पणजीच्या वडिलांचा माग काढायचा आहे. हाती आहे ते असं:

नाव जेम्स, आडनाव रॉबर्टसन. १८७१ मध्ये मुंबई इलाख्यात लग्न. विवाहनोंदीत वय २५, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत फिटर, वडिलांचं नाव अलेक्झांडर. आईचं नाव नाही, जन्मगावही नाही. १८८९ मध्ये इगतपुरीला मृत्यू, वय ४३. थडग्याच्या दगडावर फक्त 'फोर्फरशायरचा' एवढाच उल्लेख. थोरल्या मुलाचं मधलं नाव लिंडसे.

'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी संकेतस्थळावर १८४५ ते १८४७ चे बाप्तिस्मे पाहिले. फोर्फर पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) बाप अलेक्झांडर असलेला जेम्स नाही. अख्खी काउंटी घेतली तर ढीगभर जेम्स निघतात आणि त्यातला आपला कोणता हे ठरवायला काहीच हाती नाही. प्रत्येक प्रतिमेला पैसे पडतात, त्यामुळे अंदाजाने उघडत बसणं परवडणारं नाही. पुढे कसं जावं? रॉबर्टसन क्लॅनच्या, म्हणजे त्या नावाच्या स्कॉटिश कुळाच्या, वंशावळींचा उपयोग होईल का?

दप्तरी

आधी भूगोल. फोर्फर हे गाव, त्याच नावाची पॅरिश, आणि फोर्फरशायर ही काउंटी या तीन वेगळ्या गोष्टी. काउंटीत पन्नासहून जास्त पॅरिश होत्या. डंडी, आर्ब्रोथ, मॉन्ट्रोझ, ब्रीखिन, किरिम्यूर सगळं त्यातच. १९२८ पासून काउंटीचं अधिकृत नाव अँगस झालं, त्यामुळे आजच्या याद्यांत दोन्ही नावांनी शोधावं लागतं. शिवाय गावं पॅरिशच्या हद्दी पाळत नाहीत. आर्ब्रोथचा बराच भाग सेंट व्हिजिन्स पॅरिशमध्ये जातो, डंडीचा पश्चिमेकडचा लॉकी भाग लिफ अँड बेन्वी पॅरिशमध्ये. फक्त 'आर्ब्रोथ' निवडून शोधलंत तर अर्धं गाव बाहेर राहतं.

आता सालाबद्दल. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्ममृत्यूनोंद १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्याआधीचं सगळं चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश वह्यांत, आणि तिथे नोंद करणं कुणावर बंधनकारक नव्हतं. त्यात १८४३ मध्ये चर्च फुटलं. साडेचारशेहून जास्त पाद्री बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. त्यांनी केलेले बाप्तिस्मे जुन्या पॅरिश वहीत येत नाहीत. म्हणजे तुमचा माणूस फुटीनंतर तीन वर्षांनी जन्मलेला. त्याची नोंद न सापडणं हीच नेहमीची गोष्ट समजा. बाप्तिस्मा सगळ्यात शेवटी शोधा, सुरुवात तिथून करू नका.

सुरुवात जनगणनेपासून करा. ३० मार्च १८५१ ला तो चार-पाच वर्षांचा, ७ एप्रिल १८६१ ला चौदा-पंधराचा. १८५१ पासून जन्माची पॅरिश लिहिलेली असते. १८४१ मध्ये मात्र जन्म त्याच काउंटीतला की नाही एवढंच विचारलं आहे, घरातली नाती दिलेली नाहीत, आणि पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत. अलेक्झांडर १८४१ मध्ये '२५' असेल तर तो २५ ते २९ मधला काहीही असू शकतो.

पैसे वाचवायचे तर स्कॉटलंड्सपीपलवर यादी पाहणं फुकट आहे, प्रतिमेला ६ क्रेडिट म्हणजे दीड पौंड. ३० क्रेडिट साडेसात पौंडांना मिळतात आणि दोन वर्षं चालतात. घरातली माणसं कोण हे कळायला प्रतिमा लागतेच असं नाही. अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर स्कॉटलंडच्या जनगणनेचे उतारे आहेत, मूळ पान नाही, पण कुटुंब एकत्र दिसतं. फ्रीसेन हे फुकट संकेतस्थळ काही काउंट्या आणि काही सालांपुरतं तेच काम करतं. तिथे १८५१ मध्ये वय ३ ते ८ धरा, बाप अलेक्झांडर असलेली घरं वेगळी काढा. विधवा आईची घरंही सोडू नका, बाप तोवर वारलेला असू शकतो.

मग उलट्या दिशेने काम करायचं. प्रत्येक जेम्सला पुढे न्या. जो १८७१ आणि १८८१ मध्ये स्कॉटलंडमध्येच बायकामुलांसह दिसतो, तो तुमचा नाही. जो लहानपणी वारला, तोही नाही. जो १८६१ नंतर कागदावरून गायब होतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. १८६१ मध्ये 'इंजिन फिटरचा शिकाऊ', लोहारकाम किंवा फौंड्री असं काही लिहिलेलं दिसलं तर उत्तमच. जीआयपीला माणसं लागत ती कारखान्यात उमेदवारी केलेली.

राहता राहिला क्लॅन. एकच आडनाव म्हणजे एकच रक्त नव्हे. सखल भागातल्या रॉबर्टसनचा अर्थ बऱ्याचदा कुणा रॉबर्टचा मुलगा इतकाच असतो. टार्टनचा, म्हणजे क्लॅनच्या चौकटींच्या कापडाचा, मफलर घ्यायला हरकत नाही, वंशावळ त्यातून निघणार नाही.

कर्कशोध

दप्तरींनी रस्ता बरोबर सांगितला. नावांबद्दल आणि चर्चबद्दल भर घालते.

शोधताना 'नेमकं नाव' हा पर्याय बंद करा. रॉबर्टसनचं रॉबिसन, रॉबसन, रॉबर्सन होतं, आणि कारकुनाने आखूड करून लिहिलेलं असलं की यादी करणाऱ्याने ते काहीही वाचलेलं असतं. स्कॉटलंड्सपीपलवर तारांकन आणि प्रश्नचिन्ह चालतं: तारांकन म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे एकच. बायकांच्या नावांत जास्त घोळ. जेनेट हीच जेसी, जीन हीच जेन, इझाबेल आणि एलिझाबेथ एकमेकींच्या जागी येतात, एल्स्पेथचीही एलिझाबेथ होते, यूफेमियाची एफी. पॅट्रिक आणि पीटर हे एकच नाव मानत. हायलँडमध्ये डोनाल्डचा डॅनियल होतो, गिलेस्बिगचा आर्चिबाल्ड. एका नोंदीत जीन आणि दुसरीत जेन आहे म्हणून माणूस बाद करू नका.

आता चर्च. जुन्या पॅरिश वह्यांबरोबरच त्या संकेतस्थळावर 'इतर चर्च' असा वेगळा विभाग आहे. त्यात फ्री चर्च आणि १७३३ व १७६१ मध्ये फुटून निघालेल्या जुन्या गटांच्या वह्या येतात. कॅथलिक वह्यांचा विभाग आणखी वेगळा. अँगसमध्ये एपिस्कोपल (बिशप मानणाऱ्या चर्चचे) लोकही बरेच होते, तेव्हा मॉन्ट्रोझ किंवा ब्रीखिनकडचं घर निघालं तर तीही शक्यता मनात ठेवा. एका शोधात सगळे विभाग येतात असं गृहीत धरू नका, कोणत्या खुणा केल्या आहेत ते पाहा.

कर्क सेशनची, म्हणजे पॅरिशच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची, इतिवृत्तं तिथेच पानं उलटत फुकट वाचता येतात, उतरवून घ्यायला पैसे. त्यांची नावांची यादी नाही, म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत. पण लग्नाआधीचं मूल, बापाचं नाव कबूल करणं, दुसऱ्या पॅरिशमधून आणलेला वर्तणुकीचा दाखला हे सगळं तिथेच असतं. पॅरिश आणि साधारण साल कळल्याशिवाय मात्र त्यात उतरू नका, महिना जाईल.

आणखी दोन गोष्टी. १८५४ च्या अखेरीस सरकारी नोंदणी येणार म्हणून अनेक आईबापांनी सगळी मुलं एकदम पॅरिश वहीत चढवली. त्यामुळे १८४६ चा जन्म १८५४ च्या पानावर सापडू शकतो. शोधाची मर्यादा १८४७ ला तोडू नका, १८५५ पर्यंत न्या. शिवाय १८०१ ते १८५४ मधल्या राहून गेलेल्या, नंतर पुराव्याने सिद्ध झालेल्या नोंदींची वेगळी वही आहे.

१७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता. तुमच्या जेम्सला त्याचा फरक पडत नाही, पण आजोबांपर्यंत पोचाल तेव्हा त्या वर्षांतल्या नोंदी विरळ का, हे कळेल.

तिसरी पिढी

मधल्या नावाबद्दल कुणी बोललं नाही. लिंडसे हे सोनं आहे. स्कॉटिश घरांत मुलाचं मधलं नाव म्हणजे बहुतेक आजीचं माहेरचं आडनाव. त्यात नाव ठेवायची रीत ठरलेली: पहिला मुलगा बापाच्या बापावर, दुसरा आईच्या बापावर, तिसरा स्वतःच्या बापावर. पहिली मुलगी आईच्या आईवर, दुसरी बापाच्या आईवर. मुलांची नावं क्रमाने लिहा, आजीआजोबा समोर येतील.

दप्तरी

रीत होती हे खरं, पण तिच्यावर घर बांधू नका. पाद्री, डॉक्टर, बापाचा साहेब यांचीही आडनावं मधल्या नावात येतात, आणि भारतात जन्मलेल्या मुलांत तर रेल्वेतल्या बड्या साहेबाचं नाव ठेवणं फार. शिवाय लिंडसे ही मुलाच्या आईकडची आजी असू शकते, आणि ती कदाचित स्कॉटिशही नसेल. अँगसमध्ये लिंडसे आडनाव जुनं आणि पसरलेलं आहे. म्हणजे शक्यता चांगली, पण तेवढ्याने पुरावा होत नाही.

वापर असा करा. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं काढा. मुलाचं नाव रिकामं ठेवा, फक्त आईबापाची नावं भरा: बाप अलेक्झांडर रॉबर्टसन, आईचं आडनाव लिंडसे, काउंटी अँगस, साल १८३५ ते १८७५. तिथे जुन्या पॅरिश वह्यांची यादी आहे आणि सरकारी जन्मनोंदी साधारण १८७५ पर्यंत. एका जोडप्याची सगळी मुलं ओळीने पडतात. जेम्स त्यात नसेल, पण १८४३ च्या आधीची दोन आणि १८५५ नंतरची दोन मुलं दिसली आणि मधे बारा वर्षांची पोकळी असली, तर ते घर फ्री चर्चमध्ये गेलं असा अंदाज करता येतो.

घाटमाथा

लिंडसे आईच्या नावाने काही हाती लागलं नाही. पण १८५१ च्या उताऱ्यांतून बाप अलेक्झांडर असलेली पाच घरं निघाली. पुढे नेल्यावर तीन बाद झाली. उरली दोन: एक ब्रीखिनमधलं हातमागवाल्याचं, एक सेंट व्हिजिन्समधलं गवंड्याचं. दोन्हीकडचा जेम्स १८६१ मध्ये घरी नाही. आता कोणता कागद विकत घ्यावा?

दप्तरी

दोन्ही घरांत १८६१ नंतर जन्मलेलं सर्वांत धाकटं भावंड शोधा आणि त्याचा जन्मदाखला घ्या. कारण असं: १८५५ च्या पहिल्या वर्षी जन्मनोंदीत भरपूर माहिती लिहीत होते, आईबापाचं वय, जन्मस्थान, लग्न कधी कुठे झालं, आधीची मुलं किती. रजिस्ट्रार त्याला कंटाळले. १८५६ पासून बहुतेक रकाने गेले, आणि लग्नाची तारीख व ठिकाण १८६१ पासून परत आलं. म्हणजे १८५८ च्या भावंडापेक्षा १८६२ च्या भावंडाचा दाखला घेण्यात दीड पौंडाचं चीज होतं. आईचं माहेरचं आडनाव दोन्हींत मिळेल, लग्नाचं गाव मात्र नंतरच्यातच.

दुसरा कागद: घरीच राहिलेल्या भावाबहिणीचा मृत्यूदाखला. स्कॉटलंडच्या मृत्यूनोंदीत आईबाप दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. इंग्लंडच्या दाखल्यात हे त्या काळी नसायचं. तुमचा जेम्स इगतपुरीला वारल्यामुळे त्याचा असा दाखला नाहीच, म्हणून भावंडांचा घ्यायचा. माहिती देणारा कोण होता ते मात्र खाली वाचा. ऐंशीच्या म्हातारीच्या आईबापांची नावं जावयाने सांगितली असतील तर ती बऱ्याचदा चुकतात, मुलाने सांगितली असतील तर आजोबांचं नाव बरोबर आणि आजीचं अंदाजे. दोन भावंडांचे दाखले जुळले तर धरून चाला.

बायकांची मृत्यूनोंद सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही आडनावांनी यादीत येते. अलेक्झांडरच्या बायकोचा शोध त्यामुळे सोपा जातो.

प्रतिमेच्या डाव्या समासाकडेही पाहा. तिथे 'दुरुस्त नोंदींच्या वही'चा उल्लेख असेल तर ते पान वेगळं मागवा. बापाचं नाव न्यायालयाने ठरवलेलं, अपघाती मृत्यूची चौकशी, असं काही त्यात असतं.

आणि जेम्स १८६१ मध्ये घरी नाही याचा धसका घेऊ नका. चौदा-पंधराचा मुलगा उमेदवारीला मालकाकडे किंवा भाडेकरू म्हणून दुसऱ्या घरी असायचा. फोर्फरशायरपुरतं न शोधता डंडी आणि ग्लासगोतही पाहा. ग्लासगोत कॅलेडोनियन रेल्वेचा सेंट रॉलॉक्सचा आणि एडिनबरा अँड ग्लासगो रेल्वेचा (१८६५ पासून नॉर्थ ब्रिटिशचा) काउलेअर्सचा असे दोन मोठे इंजिन कारखाने होते. स्कॉटिश रेल्वे कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची दप्तरं एडिनबरात नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत, पण सगळी टिकलेली नाहीत.

बोरीबंदर

भारताकडची बाजू. मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन/३' या मालिकेत आहेत. बंगाल एन/१, मद्रास एन/२. प्रतिमा फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर आहेत, यादी फॅमिलीसर्चवर. यादी पाहून थांबू नका. प्रतिमेत साक्षीदार असतात आणि पाद्री कोणत्या चर्चचा हेही. लग्न चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाद्र्याने लावलं की फ्री चर्चच्या, यावरून घरचं चर्च कळतं, आणि मग स्कॉटलंडमध्ये कोणत्या विभागात शोधायचं ते ठरतं. अँग्लिकन चर्चमध्ये (चर्च ऑफ इंग्लंड) लागलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच असू शकतो की त्या ठाण्यावर दुसरा पाद्री नव्हता.

साक्षीदारांची आडनावं उतरवून घ्या. एकाच गावातले दोघे-तिघे एका कंपनीत येत असत, आणि एखादा साक्षीदार मेहुणा निघतो.

कराराने इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांची कागदपत्रं त्याच दप्तरात एल/एजी/४६ खाली, आणि मृत्युपत्रं व मिळकतीचे हिशेब एल/एजी/३४ खाली. फिटरचंही मृत्युपत्र असू शकतं. त्यात आईला किंवा बहिणीला काही ठेवलेलं असेल तर पत्ता आयता मिळतो. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचा शोध फुकट आहे, तिथेही नाव टाका.

पण मी सगळ्यात आधी करीन ते वर्तमानपत्र. परदेशी वारलेल्या मुलाची सूचना गावचं वर्तमानपत्र छापायचं, आणि त्यात 'अमुक गावच्या गवंड्याचा दुसरा मुलगा' असं येतं. ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हमध्ये डंडी, मॉन्ट्रोझ, आर्ब्रोथची जुनी पत्रं आहेत. रॉबर्टसन टाकलंत तर बुडून जाल. इगतपुरी टाका. तेही आजच्या स्पेलिंगने नाही, त्या काळी इंग्रजीत एगतपुरा, इगुतपूरा असं लिहीत. चारपाच रूपं करून बघा, आणि 'जीआयपी', 'बॉम्बे' हे शब्द जोडीला द्या. टपाल पोचायला तीनेक आठवडे धरा, म्हणजे मृत्यूच्या तारखेनंतरचे दोन महिने पाहा.

कर्कशोध

बोरीबंदर म्हणतात त्याला जोड: स्कॉटलंडमधल्या घरच्या दगडावरही परदेशी वारलेल्या मुलाचं नाव कोरायची पद्धत होती. त्या परिसरातल्या थडग्यांवरचे लेख उतरवून काढायचं काम टे व्हॅली फॅमिली हिस्ट्री सोसायटी करते, मुक्काम डंडी. डंडीच्या जुन्या हाउफ दफनभूमीची यादी फ्रेंड्स ऑफ डंडी सिटी अर्काइव्ह्जने फुकट ठेवली आहे.

वारसपत्र

गवंड्याचं स्वतःचं घर असेल तर आणखी एक वाट आहे. १८६८ पर्यंत स्कॉटलंडमध्ये जमीन आणि घर मृत्युपत्राने देता येत नसे, ते थोरल्या मुलाकडे जाई. वारसाला आपला हक्क चौकशीपुढे सिद्ध करावा लागे. त्या निकालांच्या छापील याद्या 'सर्व्हिसेस ऑफ हेअर्स' नावाने आहेत. परदेशी गेलेल्या वारसाचा राहता पत्ता तिथे येतो आणि कुणाचा कोण हेही एका ओळीत येतं. १८६८ नंतरही हे काम चालू राहिलं, तेव्हा अलेक्झांडर कधी वारला ते कळलं की त्यापुढची वीस वर्षं बघा. वारस बऱ्याच उशिराने पुढे यायचे, विशेषतः घर विकायचं निघालं की.

जेम्सची स्कॉटलंडमध्ये काही शिल्लक राहिली असेल तर तिचं काम एडिनबराच्या न्यायालयात झालं असणार, कारण देशाबाहेर वारलेल्यांचं प्रकरण तिथेच जाई. १८७६ पासून अशा प्रकरणांची वार्षिक छापील यादी आहे. १८८९ ते १८९२ पाहून घ्या.

घर भाड्याचं असेल तर १८५५ पासूनच्या घरपट्टीच्या याद्या आहेत. मालक, भाडेकरू, रस्ता. १८६१ आणि १८७१ च्या मधली दहा वर्षं त्यांनी भरून निघतात. आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर १७७३ ते १९११ च्या डिरेक्टऱ्या आणि जुने नकाशे फुकट आहेत, घराची जागा तिथे सापडते.

घाटमाथा

'इगुतपूरा' वर एक सूचना मिळाली, पण त्यात फक्त 'ब्रीखिनच्या अलेक्झांडर रॉबर्टसन यांचा मुलगा' एवढंच आहे. धंदा नाही. डीएनए चाचणीने पक्कं होईल का?

दप्तरी

मग ब्रीखिनच्या घराचे दोन दाखले घ्या, धाकट्या भावंडाचा जन्म आणि एका बहिणीचा मृत्यू, आणि सेंट व्हिजिन्सवाले तूर्त बाजूला ठेवा. टाकून मात्र देऊ नका, ब्रीखिनमध्ये त्याच नावाचा दुसरा बाप असेल.

डीएनएचं गणित असं. जेम्स तुमच्या पणजीचे वडील, म्हणजे त्याच्या भावंडांचे तुमच्या पिढीतले वंशज तुमचे चौथ्या पायरीचे चुलतमावस. त्या पायरीवर साधारण निम्म्याच लोकांत मोजण्याइतका सामाईक डीएनए उरतो. तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या पिढीच्या माणसाची चाचणी करा, तिथे एक-दोन पायऱ्या वाचतात. जुळलेल्या माणसाची वंशावळ ब्रीखिनला जाते का ते पाहा, नुसत्या रॉबर्टसन आडनावावर जाऊ नका. तो डीएनए बहुधा मुलींच्या वाटेने आलेला असेल आणि आडनाव दुसरंच असेल.